कडक भाकरीचं युनिट आणि ३५ टक्के अनुदान: माझा अनुभव

खाद्यपदार्थांचा धंदा नव्यानं सुरू करणाऱ्या बायका मला सारखं विचारतात, "ताई, ती अनुदानाची योजना घेऊ का नको?" प्रत्येकीला फोनवर सगळं सांगणं जमत नाही. म्हणून माझ्या बाबतीत काय घडलं ते आकड्यांसकट लिहून ठेवते. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. सरकारनं मला पैसे दिले, त्याचा उपयोग फार थोडा झाला. सरकारनं जिथे जिथे अट काढून टाकली, तिथे मात्र माझा धंदा खरोखर वाढला.

मी सोलापूरची. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते. २०२१ मध्ये घरच्या मागच्या खोलीत सुरुवात केली. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, भाकरी थापायला गल्लीतल्या चार बायका, चटणी डंकावर कुटलेली. ही चटणी मिक्सरमध्ये फिरवली की कोरडी होते. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं, त्यातच तिची चव आहे. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे पुण्यात नोकरीला गेलेली आमच्याकडचीच मुलं.

कागदपत्रांची सुरुवात चांगली झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली आहे. आधार क्रमांक टाकायचा, स्वतःची माहिती स्वतःच द्यायची, एकही कागद चढवायचा नाही, एक पैसाही भरायचा नाही. चहा निवायच्या आत काम झालं. (याच नोंदणीचे हजार-दोन हजार घेणाऱ्या खासगी साइट हुबेहूब सरकारी दिसतात, तिथे जाऊ नका.) दुकानं-आस्थापनांचंही तसंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना दिली की झालं. अन्नसुरक्षेची प्राथमिक नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली. तिच्या नियमात एक फार मोलाची तरतूद आहे, जी बऱ्याच जणींना कोणी सांगत नाही: अर्ज केल्यावर सात दिवसांत नोंदणी मिळाली नाही, नाकारलीही नाही आणि तपासणीचा आदेशही निघाला नाही, तर तुम्ही काम सुरू करू शकता. अर्ज दाबून ठेवण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. सगळे कायदे असे लिहिले तर किती लोकांचे हेलपाटे वाचतील!

मग मी अनुदानाच्या मागे लागले. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना जून २०२० मध्ये आली. १०,००० कोटींची तरतूद, दोन लाख उद्योगांचं उद्दिष्ट, खर्चात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. आमच्यासारख्यांना प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. आपले किमान १० टक्के घालायचे, बाकीचं बँकेचं कर्ज. वाचून वाटलं, याहून चांगलं काय असणार?

योजनेचा अर्ज भरून द्यायला जिल्ह्यात नेमलेली माणसं असतात. मला भेटलेले गृहस्थ सज्जन होते, माझ्याकडून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पण त्यांचं मानधन प्रत्येक मंजूर कर्जामागे ठरलेलं असतं. तीन वर्षांनी माझं युनिट चालतंय की त्याला कुलूप लागलंय, याच्याशी त्या मानधनाचा संबंध नसतो. त्यामुळे सगळा जोर प्रकल्प अहवाल बँकेत पास होण्यावर. आणि पास होणारा अहवाल म्हणजे आधी पास झालेल्या अहवालासारखा अहवाल. त्यात नायट्रोजन भरणारं पॅकिंग मशीन होतं. मी म्हटलं, "कडक भाकरी कागदात गुंडाळून महिनाभर टिकते, मला हे मशीन कशाला?" उत्तर मिळालं, "ताई, प्रकल्प छोटा दिसला तर बँक गंभीरपणे घेत नाही." बँकेनं खरंच तसं केलं असतं का, हे तपासायची सोय नव्हती. मशीन अहवालात राहिलं.

पुढचा अनुभव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोटेशन आणायला मी मशीनवाल्याकडे गेले. भाकरीच्या मशीनकडे बोट दाखवून किंमत विचारली, तर त्याचा पहिला प्रश्न, "ताई, सबसिडीत बसवायचंय का रोख?" रोख घेतलं तर ३ लाख ६० हजार, सबसिडीत ४ लाख ६० हजार. मशीन तेच, मोटर तीच, वॉरंटी तीच. डंक आणि शेंगदाणे भाजायचं ड्रम रोखीत १ लाख ८०, सबसिडीत २ लाख ४०. मी वाद घातला तेव्हा त्यानं शांतपणे समजावलं: बँकेचा पैसा उशिरा येतो, कागद सारखे बदलून द्यावे लागतात, आणि गिऱ्हाइकाला ३५ टक्के परत मिळणारच आहेत, म्हणून कोणी घासाघीस करत नाही. मी दुसरीकडे, तिसरीकडे विचारलं. सगळीकडे दोन भाव होते.

मला त्या माणसांचा राग आला नाही. दुसऱ्याच्या पैशानं खरेदी होते तेव्हा भाव असाच ठरतो. मी स्वतःच्या पैशानं मशीन घेतलं असतं तर त्याला पाच हजारांसाठीही जेरीला आणलं असतं.

एकूण प्रकल्प ९ लाखांचा झाला: वरच्या दोन गोष्टी मिळून ७ लाख, पॅकिंग मशीन १ लाख ४० हजार, टेबलं, काटा आणि वायरिंग मिळून ६० हजार. अनुदान ३५ टक्क्यांप्रमाणे ३ लाख १५ हजार. ते हातात येत नाही, बँकेत वेगळं धरून ठेवतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं सुरळीत राहिलं आणि युनिट चालू असलं तरच ते कर्जात वळतं होतं. ही अट मला योग्य वाटते, नाहीतर मशीन विकून पसार होणारे कमी नाहीत. माझं अनुदान २०२५ मध्ये वळतं झालं.

त्या रात्री वही काढून हिशेब मांडला. जादा भावात गेले १ लाख ६० हजार. न लागणाऱ्या पॅकिंग मशीनचे १ लाख ४० हजार, ते आजही चादरीखाली झाकलेलं आहे. अहवाल, मुद्रांक, विमा, झेरॉक्स, नोटरी धरून २२ हजार. एकूण ३ लाख २२ हजार. अनुदानापेक्षा सात हजार जास्तच! मॅनेजरांच्या केबिनबाहेर बसून घालवलेल्या दिवसांची मजुरी यात धरलेलीच नाही. १०,००० कोटींना दोन लाखांनी भागलं तर एका युनिटमागे पाच लाख येतात. त्यातला काही भाग प्रशिक्षण आणि प्रचारावर जातो हे मान्य. पण माझ्या वाट्याचे तीन लाख करदात्यांच्या खिशातून निघाले आणि मशीनवाल्याच्या गल्ल्यात व माझ्या चादरीखाली जाऊन बसले. ते माझ्या भाकरीत कुठे आले नाहीत.

दुसरा डंक मी गेल्या वर्षी घेतला. स्वतःच्या नफ्यातून, सेकंड हँड, बार्शीच्या एका बंद पडलेल्या मसाला कांडपातून. सकाळी पाहिला, संध्याकाळी टेम्पोत घातला. त्याचा अहवाल नाही, कोटेशन नाही. गरजेपेक्षा मोठा नाही आणि रोज चालतो.

याचा अर्थ सरकारचं कामच नाही असं मी म्हणत नाही. शेंगदाण्याला पावसाळ्यात ओल लागली की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे, डोळ्यांना दिसत नाही, भाजूनही पुरतं जात नाही. त्याची मर्यादा कायद्यानं ठरवलेली असलीच पाहिजे, त्यात मला कुणाची सूट नको. पण ती मर्यादा मला पाळायला कोणी लावली? तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीचा रंग पाहिला, फलक कुठे लावलाय ते पाहिलं, टोप्या मोजल्या. शेंगदाण्याच्या पोत्यात हात घातला नाही. पुण्याच्या एका किराणा व्यापाऱ्यानं मात्र पहिल्याच फोनवर सांगितलं, "मान्यताप्राप्त लॅबचा अफ्लाटॉक्सिन रिपोर्ट पाठवा, मग बोलू." तेव्हापासून प्रत्येक नव्या लॉटचा नमुना मी खासगी लॅबला पाठवते. ओला लॉट सरळ परत करते. सरकारनं मापदंड नेमका ठरवावा आणि बाजारातून नमुने उचलून ते तपासावेत. माझ्या भिंतीचा रंग मला ठरवू द्यावा.

खासगी बाजार तरी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. एका मोठ्या दुकानसाखळीनं माल घेतला आणि पैसे तीन महिने फिरवले. सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ च्या कायद्यात लिहिलंय, पण तक्रार करणाऱ्याचा माल पुन्हा कोण घेणार? मी त्यांचा पुरवठा बंद केला आणि छोट्या दुकानांकडे वळले, ते रोख देतात. एवढा फरक मात्र आहे: वाईट गिऱ्हाइकाला मी सोडू शकले. नियमाला सोडता येत नाही.

आणि नियम मोठा होतो तो नेमका आपण मोठं व्हायला लागल्यावर. माझी उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या वर गेली तेव्हा १०० रुपयांची नोंदणी संपून राज्य परवाना घ्यावा लागला. १२ लाख म्हणजे महिन्याला एक लाखाची विक्री. त्यातले निम्म्याहून जास्त ज्वारी, शेंगदाणे, गॅस आणि मजुरीत जातात. तरी तेव्हापासून जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा रिपोर्ट, अन्नसुरक्षेची लेखी योजना आणि दरवर्षी ३१ मेच्या आत विवरणपत्र, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड. सगळं निभावलं. पण माझ्या ओळखीच्या दोघीजणी अकरा लाखांवर आल्या की ऑर्डर घेणंच थांबवायच्या. चांगल्या हाताच्या बायका आहेत त्या, आणखी चारजणींना काम देऊ शकल्या असत्या. पायरी एवढी उंच ठेवली की माणसं खालच्याच पायरीवर बसून राहतात.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्वारीला 'श्री अन्न' म्हणायला लागले. राज्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी २०० कोटींचं अभियान आणि सोलापुरात उत्कृष्टता केंद्र जाहीर झालं. मग ते केंद्र बारामतीला नेण्यावरून वाद पेटला. त्या वादात आमच्या जिल्ह्याचं किती नुकसान, यावर खूप बोललं गेलं. मला मात्र त्याच काळात खरी मदत दोन साध्या बदलांनी केली, ज्यांची कुठे सभा झाली नाही की फलक लागले नाहीत. पहिला: पिठासारखे जिन्नस ठरावीक वजनांच्या पाकिटांतच विकायची सक्ती गेली. एका घराला दोन वेळच्या भाकरीला पुरेल एवढ्या ज्वारीच्या पिठाचं ३५० ग्रॅमचं पाकीट मी काढलं आणि ते सगळ्यात जास्त खपतं. दुसरा: १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन कंपनीमार्फत माल विकायला छोट्या व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिली नाही. त्याआधी स्वतःच्या दुकानातून ४० लाखांपर्यंत नोंदणी नको, पण तोच माल ऑनलाइन विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. ती अट गेल्यावर नाशिक, नागपूरहून मागणी यायला लागली. या दोन्ही बदलांना तिजोरीतून पैसा लागला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तर पोळी, पराठा, भाकरी अशा सगळ्या भारतीय रोट्यांवरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधी पोळीला ५ टक्के आणि पराठ्याला १८ टक्के होता, आणि त्यावरून कंपन्या जीएसटीच्या प्राधिकरणापुढे वर्षानुवर्षं भांडत होत्या.

आता माझी अडचण एकच उरली आहे आणि ती आमच्या भागातल्या प्रत्येकाची आहे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, कर्नाटकातलं विजयपूर शंभर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिकडेही रोजच्या जेवणात आहे, तिथले दोन दुकानदार माझा माल मागतात. चटणीवर ५ टक्के कर आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कंपोझिशनची, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची, सोपी योजना घेतली तर राज्याबाहेर विकताच येत नाही. सेवा देणाऱ्यांना मात्र राज्याबाहेरच्या कामालाही २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. म्हणजे सोलापुरातला डिझायनर विजयपूरच्या दुकानाच्या फलकाचं डिझाइन नोंदणीशिवाय करून देऊ शकतो, पण त्या दुकानात मी चटणीचं पाकीट ठेवू शकत नाही. विवरणपत्रं भरायला माणूस ठेवायचा तर त्याचा खर्च तिकडच्या नफ्यापेक्षा जास्त. आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत खासदारांच्या स्वीय सहायकांना मी लेखी निवेदन दिलं आहे: आम्हाला नवी योजना नको, सेवांना दिलेली सूट मालालाही द्या. ती मिळाली तर विजयपूरच्या दोन्ही दुकानांत पहिल्याच आठवड्यात माझी चटणी असेल, आणि त्यासाठी मला कर्जही लागणार नाही.