ट्रेंटच्या खोऱ्यातून हंबरच्या मुखाकडे: ब्रिटनमधील फुटबॉल मैदानांची उंची

इंग्लंडमधील फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब खेळतात, आणि त्यांच्या मैदानांची क्रमवारी लावण्याचा छंद असलेल्या मंडळींना तिथे तोटा नाही. कोणी आसनसंख्या मोजतो, कोणी मैदानाचे वय पाहतो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची क्रमवारी मात्र बहुतेकांच्या लेखी प्रश्नमंजूषेतल्या एका प्रश्नापुरतीच असते. या ९२ मैदानांपैकी सर्वांत उंचावरचे मैदान म्हणजे वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या क्लबचे ‘द हॉथॉर्न्स’, आणि त्याची उंची ५५१ फूट, म्हणजे सुमारे १६८ मीटर. पुण्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू आल्यास नवल नाही, कारण पुणे शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे आणि तिथे कोणी स्वतःला डोंगरात राहणारा समजत नाही. तरीही ही क्रमवारी मला मोलाची वाटली, ती वेगळ्या कारणाने. फुटबॉलचे मैदान उंची पाहून कोणी बांधत नाही. ते वस्तीलगत बांधले जाते, आणि ब्रिटनमधल्या जुन्या क्लबांच्या वस्त्या कामधंद्यालगत उभ्या राहिल्या. तेव्हा अमुक उंचीवर मैदान का आहे, या प्रश्नाचा अर्थ तिथे माणसे कोणत्या कामासाठी गेली, असा होतो. एवढे कुतूहल घेऊन मी या यादीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत प्रवास करायचे ठरवले.

सुरुवात अर्थातच हॉथॉर्न्सपासून केली. माझा धाकटा दीर बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि अल्बियनच्या सामन्यांना नेमाने जातो, त्यामुळे सोबतीचा प्रश्न आपोआप सुटला. बर्मिंगहॅमच्या मध्यभागातून ट्राम ज्वेलरी क्वार्टर, विन्सन ग्रीन, हँड्सवर्थ अशी थांबत थांबत जुन्या रेल्वेच्या वाटेने वायव्येकडे जाते. मी खिडकीतून चढ शोधत होते आणि तो काही दिसत नव्हता. “वहिनी, शिखर वगैरे काही नाही बरं का. उतरलो की आलंच मैदान,” असे त्याने आधीच बजावले होते, आणि झालेही तसेच. थांब्यापासून मैदानापर्यंतचा रस्ता जवळपास सपाट आहे. पलीकडे हमरस्ता, दुकाने, थोड्या अंतरावर एम ५ महामार्ग, आणि एका कोपऱ्यात धावफलकाजवळ क्लबचे चिन्ह असलेला थ्रश पक्षी. पूर्वी या जागेवर हॉथॉर्नची काटेरी झुडपे होती, त्यावरून मैदानाला नाव मिळाले. ३ सप्टेंबर १९०० रोजी डर्बी काउंटीविरुद्ध इथला पहिला सामना झाला आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला. वेस्ट ब्रॉमिच, स्मेदिक आणि बर्मिंगहॅम या तिन्हींच्या हद्दी या मैदानाच्या आसपास एकमेकींना भिडतात.

इथली उंची डोळ्यांना जाणवत नाही, कारण आजूबाजूचा सगळा मुलूखच त्या उंचीवर आहे. हे एक पठार आहे, आणि पठारावर उभे राहिल्यावर आपण वर आहोत हे कळायला दुसरा काहीतरी पुरावा लागतो. तो पुरावा मला जवळच्याच कालव्यांनी दिला. सामन्याच्या आधी बराच वेळ हाताशी होता, म्हणून आम्ही स्मेदिकच्या गॅल्टन पुलापर्यंत गेलो. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने बर्मिंगहॅमहून कोळशाच्या खाणींकडे कालवा नेला, तेव्हा स्मेदिकचा उंचवटा ओलांडण्यासाठी त्याला नावा टप्प्याटप्प्याने ४९१ फुटांपर्यंत वर चढवाव्या लागल्या. माथ्यावर पाणी कमी आणि प्रत्येक नावेबरोबर ते दोन्ही बाजूंना खाली वाहून जाणार, ही अडचण इतकी मोठी होती की खाली गेलेले पाणी पुन्हा वर उचलण्यासाठी बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे यंत्र १७७९ साली इथे बसवावे लागले. ते यंत्र आज बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात आहे. पुढे जॉन स्मीटनने माथा खणून कालव्याची पातळी ४७३ फुटांवर आणली, आणि १८२० च्या दशकात टॉमस टेलफर्डने त्याहून खोल चर खणून ती ४५३ फुटांवर नेली. १८२९ साली त्या चरावर उभारलेला ओतीव लोखंडाचा गॅल्टन पूल आजही तिथे आहे. पुलावरून खाली पाहिले की त्या खोल चरात कालव्याचे पाणी दिसते, आणि तेव्हा कुठे आपण किती वर उभे आहोत याचा अंदाज येतो. कोळसा आणि लोखंड नसते तर या उंचवट्यावर इतकी दाट वस्ती झाली नसती, आणि दर आठवड्याला मैदान भरून टाकणारा कामगारवर्गही नसता.

याच भटकंतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. हॉथॉर्न्सच्या परिसरात पडणारा पाऊस टेम नदीत जातो, टेम ट्रेंटला मिळते आणि ट्रेंट पूर्वेला हंबरच्या खाडीत पोहोचते. पठाराच्या पश्चिम उतारावरचे पाणी मात्र सेव्हर्नमार्गे ब्रिस्टलच्या खाडीकडे जाते. तेव्हापासून प्रत्येक मैदानाच्या उंचीबरोबर त्याचे पाणी कुठे जाते हेही मी पाहू लागले.

पोर्ट व्हेल या क्लबचे व्हेल पार्क क्रमवारीत दुसरे. ते स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या बर्स्लेम या जुन्या कुंभारगावात आहे आणि तेही ५०० फुटांच्या वर आहे. इथे चढ खरोखरच पायांना कळतो, कारण बर्स्लेम टेकडीवर वसले आहे. चिनीमातीच्या भांड्यांच्या धंद्याला लागणारी माती आणि भट्ट्यांना लागणारा कोळसा एकाच ठिकाणी सापडल्यामुळे हे गाव वाढले. मैदान १९५० साली सुरू झाले. इथले पाणीही ट्रेंटलाच मिळते. किंबहुना ट्रेंटचा उगम इथून जवळच, बिडल्फ मूरवर आहे.

ओल्डहॅमचे बाउंड्री पार्क ५०९ फुटांवर, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर. मँचेस्टरहून ट्रामने येताना पेनाइन डोंगरांची करडी रेषा समोर दिसू लागते आणि हवा बदलते. १९८२ ते १९९४ या काळात क्लबचे व्यवस्थापक असलेल्या जो रॉयल यांनी या मैदानाला ‘आइस स्टेशन झेब्रा’ असे नाव दिले होते, आणि मी गेले त्या दिवशी ते नाव अतिशयोक्त वाटण्याचे काही कारण नव्हते. मात्र थंडीचे सगळे श्रेय उंचीला देणे मला पटत नाही. दर १५० मीटरला तापमान साधारण एका अंशाने उतरते, म्हणजे बाउंड्री पार्कच्या वाट्याला उंचीमुळे फार तर एक अंशाची घट येते. हवेचा दाबही समुद्रकाठापेक्षा दोनेक टक्क्यांनीच कमी असतो, त्यामुळे चेंडू वेगळा उडतो किंवा खेळाडूंना दम लागतो असे म्हणण्यात अर्थ नाही. खरा फरक पाडतो तो वारा, कारण उघड्या माळरानावरून येताना त्याला अडवणारे काही नसते. एका अंशाची घट पावसाचा बर्फ व्हायला कधीकधी पुरेशी असते, हे मात्र खरे. १९८६ ते १९९१ या काळात क्लबने इथे कृत्रिम हिरवळ अंथरली होती आणि त्याच हिरवळीवर खेळून १९९१ साली संघ सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. पुढे २०२२ साली तो ९२ क्लबांमधूनही बाहेर पडला आणि २०२५ साली परतला. म्हणजे मधल्या तीन वर्षांत उंचीच्या यादीतला तिसरा क्रमांकच गळाला होता. मैदान जागचे हलले नव्हते, यादी हलली होती.

ओल्डहॅमला जाण्याचे माझे आणखी एक कारण होते. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा घाट घातला, तेव्हा तिची यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली होती. गिरणगावाचा एक धागा या वाऱ्याच्या गावात जोडलेला आहे. आधी डोंगरातले ओढे, मग कोळसा आणि सुताला मानवणारी दमट हवा यांमुळे गिरण्या इतक्या उंचीवर आल्या, आणि गिरण्यांमागून चाळवजा घरांच्या रांगा व फुटबॉल आला. ओल्डहॅमचे पाणी मात्र इर्वेल आणि मर्सीमार्गे पश्चिमेच्या समुद्राला जाते.

हॉथॉर्न्सचा मान ९२ क्लबांपुरताच आहे, हे बक्स्टनला गेल्यावर चांगलेच कळते. डर्बिशरमधील या गावच्या क्लबचे सिल्व्हरलँड्स हे मैदान सुमारे १००० फुटांवर आहे, म्हणजे अल्बियनच्या मैदानाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. डरॅम परगण्यातील टाऊ लॉ या गावचे मैदानही साधारण तितक्याच उंचीवर असल्याने, इंग्लंडमधील सर्वांत उंच मैदान आमचेच, असे दोन्हीकडचे लोक सांगतात. टाऊ लॉला मी या खेपेस गेले नाही, पण त्या मैदानाच्या रस्त्याचे नाव आयर्नवर्क्स रोड आहे, एवढ्यावरून तिथली माणसे उंचावर का गेली हे समजते. पुढे इंग्लंडकडून खेळलेला ख्रिस वॉडल १९८० साली तिथूनच न्यूकॅसलला गेला.

बक्स्टनला माणसांना वर नेले ते कोमट झऱ्यांनी आणि चुनखडीच्या खाणींनी. स्थानकापासून बाजारपेठेच्या चौकाकडे जाणारा चढ खराखुरा चढ आहे आणि मैदान त्याच वरच्या भागात आहे. गावातल्या हवेची कीर्ती मात्र फुटबॉलपेक्षा क्रिकेटमुळे अधिक पसरली. इथल्या पार्क रोडच्या मैदानावर डर्बिशर आणि लँकेशर यांच्यातील सामन्याचा २ जून १९७५ चा खेळ चक्क बर्फ पडल्यामुळे थांबवावा लागला होता. त्याआधी क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद १६७ धावांच्या जोरावर लँकेशरने ५ बाद ४७७ धावा केल्या होत्या. बर्फ वितळल्यावर ओल्या खेळपट्टीवर डर्बिशरचे डाव ४२ आणि ८७ धावांत आटोपले. त्याच आठवड्यात, ७ जूनला, लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकात गावसकर ६० षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिला. त्या खेळीला बर्फाचे निमित्त मात्र देता येत नाही. बक्स्टनमधून वाहणारी वाय नदी डर्वेंटला मिळते आणि डर्वेंट ट्रेंटला. म्हणजे इथलेही पाणी हंबरकडेच.

त्या पाण्याच्या मागोमाग मीही निघाले. स्टॉकपोर्टहून पूर्वेकडे जाणारी गाडी पेनाइन ओलांडून शेफील्डला येते, डॉन्कास्टरनंतर दोन्हीकडे सपाट काळी शेते लागतात, आणि स्कन्थॉर्पच्या अलीकडे कीडबीच्या लोखंडी पुलावरून ती ट्रेंट ओलांडते. हॉथॉर्न्स, व्हेल पार्क आणि सिल्व्हरलँड्स या तिन्ही मैदानांवर पडलेला पाऊस त्या पुलाखालून जातो. पुलापलीकडे काही मैलांवर ट्रेंट आणि ऊझ एकत्र येऊन हंबर होते, आणि हंबरच्या मुखाशी, ग्रिम्झबी टाउन या क्लबचे ब्लंडेल पार्क आहे. ते ग्रिम्झबीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, हा तिथला जुना विनोदाचा विषय. १८९९ साली सुरू झालेल्या या मैदानाच्या मुख्य स्टँडचा काही भाग १९०१ सालचा आहे. त्याच्या मागून रेल्वेमार्ग जातो आणि मार्गापलीकडे खाडी. समोरच्या उंच स्टँडमध्ये वरच्या रांगेत बसले की मुख्य स्टँडच्या छपरावरून खाडीतली जहाजे दिसतात, आणि खेळ कंटाळवाणा झाल्यास तीच पाहावीत असा तिथला रिवाज असावा.

ब्लंडेल पार्कची उंची अवघी २ फूट सांगितली जाते. हा आकडा ऐकताना त्यातले शून्य कोणते, हे विचारायला हवे. ब्रिटनमधल्या उंचीचे शून्य म्हणजे कॉर्नवॉलमधील न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ या काळात मोजलेली समुद्राची सरासरी पातळी. हंबरच्या मुखाशी उधाणाच्या भरतीचे पाणी सरासरी पातळीच्या तीन मीटरांहून अधिक वर चढते. म्हणजे २ फूट हा आकडा काटेकोर मानला, तर महिन्यातून दोनदा खाडीचे पाणी खेळाडूंच्या डोक्यावरून जाईल इतके वर असते आणि मधला बांध ते थोपवून धरतो. मैदान पाहिल्यावर मला तो आकडा थोडा रंगवलेला वाटतो. पण या किनाऱ्यावर सखल असणे ही गमतीची गोष्ट नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या लाटेने याच पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसांचे प्राण घेतले.

शेवटी स्कॉटलंडमध्ये आर्ब्रोथला गेले, कारण समुद्राच्या जवळिकीत गेफील्ड पार्कशी स्पर्धा करणारे मैदान ब्रिटनमध्ये नाही. डंडीहून गाडी किनाऱ्याने येते आणि स्थानकापासून थोडे चालले की मैदानाची भिंत आणि लाटा यांच्यात काही पावलांचेच अंतर उरते. मोठ्या भरतीला वारा असेल तर फेस भिंतीवरून आत येतो. १२ सप्टेंबर १८८५ रोजी आर्ब्रोथने बॉन अकॉर्डला ३६-० असे हरवले. आर्ब्रोथचा गोलरक्षक त्या सामन्यात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, असे सांगतात. मैदानाची उंची किती, हा प्रश्न इथे मनातही येत नाही, कारण वारा ओल्डहॅमच्या डोंगरावरच्यापेक्षा काकणभर जास्तच होता. मी पाहिलेल्या सामन्यात यजमानांच्या गोलरक्षकाने मारलेला पहिला उंच चेंडू मधल्या रेषेपर्यंतही न पोहोचता बाजूला वाहत गेला. दुसऱ्यापासून त्याने चेंडू जमिनीलगतच ठेवला. पाहुण्यांच्या गोलरक्षकाला हे कळायला मध्यंतर उजाडले, आणि तोवर ते दोन गोलांनी मागे पडले होते.