सेव्ह झालं म्हणाला, मग शेवटची १७ पुस्तकं कुठे गेली?

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी एक छोटं सॉफ्टवेअर करून दिलंय, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली म्हणून तिथली पुस्तकं दुसऱ्या कपाटांत हलवली. हलवायचं काम एका दिवसात झालं, पण कॉम्प्युटरमधे प्रत्येक पुस्तकाचं पान उघडा, कपाट बदला, खण बदला, सेव्ह दाबा, परत यादीत या... चाळीसेक पुस्तकं झाल्यावर ग्रंथपाल ताईंचा फोन आला, "अहो, सगळी एकाच पानावर नाही का देता येणार?"

येतात की. एक मोठं टेबल, एका ओळीत एक पुस्तक, आणि ओळीत तीन चौकटी: कपाट, खण, किंमत. चौकटीच्या नावातच पुस्तकाचा आयडी घालायचा, म्हणजे कपाट[४१२] असं, मग सर्व्हरला आयडीनुसार लावलेली यादी, म्हणजे तयार अ‍ॅरे मिळतो आणि कुठली माहिती कुठल्या पुस्तकाची हा घोळ होत नाही. ३५० पुस्तकांचं पान दिलं, ताईंनी मधेमधे सेव्ह करत अख्खी दुपार बसून भरलं, दर वेळी हिरवी पट्टी, "सेव्ह झालं".

दोन दिवसांनी एक सभासद पुस्तक मागायला आले, कॉम्प्युटरनं जुनंच कपाट दाखवलं. ताईंनी दाखल नोंदवही घेऊन एकेक ताडून बघितलं तर यादीतली शेवटची १७ पुस्तकं जशीच्या तशी, एक अक्षर बदललेलं नाही.

मी आधी क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) तपासल्या, मग डेटाबेस, दोन्हीकडे काही नाही. मग एरर लॉग उघडला आणि तिथे कारण सापडलं, मॅक्स_इनपुट_व्हार्स. एका फॉर्ममधून किती व्हेरिएबल, म्हणजे चौकटी, घ्यायचे याची पीएचपीची मर्यादा, मुळात १०००. माझ्या फॉर्ममधे सुरुवातीला एक टोकन (फॉर्मच्या ओळखखुणेचं फील्ड) आणि मग ३३३ ओळींचे ९९९, झाले बरोबर १०००. ३३४व्या ओळीपासून पुढचं सगळं पीएचपीनं टाकून दिलं, लॉगमधे एक वॉर्निंग लिहिली आणि कोड पुढे चालू.

मर्यादा उगाच नाहीये. डिसेंबर २०११ मधे बर्लिनच्या एका हॅकर परिषदेत दाखवलं होतं की मुद्दाम निवडलेल्या नावांचे हजारो व्हेरिएबल पाठवून सर्व्हरला गुदमरवता येतं, त्यानंतर जानेवारी २०१२ च्या पीएचपी ५.३.९ मधे ही मर्यादा आली. पण गुपचूप कापणं मला पटत नाही. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधेही मुळात १००० चीच मर्यादा आहे, तिथे जास्त फील्ड आले की अख्खी रिक्वेस्टच ४०० एरर ("चुकीची रिक्वेस्ट") देऊन परत जाते. हे योग्य, कारण माणसाला कळतं तरी.

मर्यादा वाढवता येते, फक्त कोडमधे इनी_सेट (सेटिंग बदलायचं फंक्शन) लिहून नाही, कारण तुमचा कोड चालू व्हायच्या आत फॉर्म वाचून झालेला असतो, पीएचपी डॉट इनीसारख्या सेटिंगच्या फाइलमधेच बदलावं लागतं. पण नुसती वाढवून भागत नाही, उद्या पुस्तकं वाढली की परत तेच. म्हणून आता ज्या ओळीत बदल झालाय तेवढीच जावास्क्रिप्टनं पाठवतो, एका पानावर ५० पुस्तकं, आणि फॉर्मच्या अगदी शेवटी "शेवट" नावाचं एक हिडन (पानावर न दिसणारं) फील्ड ठेवलंय. ते पोचलं नाही तर काहीही सेव्ह करायचं नाही. सगळे अपडेट एकाच ट्रान्झॅक्शनमधे, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही.

अजून एक. संध्याकाळी दुसरे कर्मचारी त्याच यादीवर काम करतात, तेव्हा एकाचं दुसऱ्यानं पुसू नये म्हणून प्रत्येक ओळीला व्हर्जन नंबर दिलाय. अपडेट करताना आयडीबरोबर तोही जुळवायचा आणि एकनं वाढवायचा. जुळला नाही तर मधे कोणीतरी बदललंय, मग ती ओळ लाल करून दाखवायची आणि तोवर त्या पानातलं काहीच सेव्ह नाही.

चेकबॉक्सचाही असाच एक घोळ सभासदांच्या पानावर कळला. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, म्हणजे "चालू सभासद" ची टिक काढली तरी सर्व्हरला पत्ता नाही. त्याच्या आधी त्याच नावाचं, ० व्हॅल्यू असलेलं हिडन फील्ड ठेवलं की काम होतं.

हिरव्या पट्टीवर आता नुसतं "सेव्ह झालं" येत नाही, "४८ पाठवली, ४८ बदलली" असं येतं. ताई तो आकडा नोंदवहीच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवतात.