मागच्या दाराखालचे काचेचे दाणे
जंगलातून फिरून पार्किंगमध्ये परतले, तर गाडीच्या मागच्या दाराखाली काचेचे बारीक दाणे पसरलेले. सीटवर पिशवी दिसत होती, एवढंच निमित्त. आत होता फक्त ओला टॉवेल! बाजूची टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच एका नेमक्या ठोक्यात भुगा होते.

आपण दोन-तीन तास फिरकणार नाही, हे चोराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून सामान घरून निघतानाच डिकीत ठेवा. पार्किंगमध्ये पोचून ठेवलंत, तर कोणीतरी बघत असतं.

पण सगळा भार गाडीवाल्यांवरच का? जागेची रचना बदलून गुन्हा रोखता येतो, हे अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञ सी. रे जेफरी यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. झुडपं गुडघ्याएवढी छाटली, झाडांच्या खालच्या फांद्या काढल्या, की रस्त्यावरून आतलं दिसतं. रात्री फाटक लावलं, तर दारूच्या बैठका आणि राडारोडा ओतणारे टेम्पो यांची वाटच अडते. आणि कचरा लगेच उचलायला हवा, नाहीतर इथे कुणाचं लक्ष नाही हे पुढच्या टोळक्याला आपोआप कळतं.

माझ्या गाडीशेजारी त्या दिवशी जुने दाणेही होते, मातीत रुतलेले. आधीही कुणाची तरी काच फुटली होती, आणि सावध करणारा एक फलकही तिथे नव्हता.