सिम्युलेटरचा लायसन्स सर्व्हर उबुंटूवर हलवताना : माझा अनुभव

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीला मिळणारे अपडेट ३० जून २०२४ रोजी बंद झाले आणि आमच्या महाविद्यालयाच्या व्हीएलएसआय (चिप डिझाइन) प्रयोगशाळेचा त्यावर चालणारा लायसन्स सर्व्हर उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या नव्या मशीनवर हलवण्याचे काम माझ्याकडे आले. विद्यार्थ्यांच्या संगणकांवरील व्हेरिलॉग सिम्युलेटरला (व्हेरिलॉग भाषेत लिहिलेले सर्किट चालवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला) याच सर्व्हरकडून परवाना मिळतो, त्यामुळे तो बंद पडला की प्रात्यक्षिके थांबतात. परवाना ज्याच्याशी बांधलेला असतो तो नव्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, कळवून लायसन्स फाइल नव्याने घेतली. पुढच्या अडचणी मात्र साऱ्या लिनक्सच्या बाजूच्या होत्या.

एलएमजीआरडी हा फ्लेक्सएलएमचा, म्हणजे परवाने वाटणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मुख्य प्रोग्रॅम सुरू करताच टर्मिनलवर ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा संदेश आला, आणि फाइल तर त्याच फोल्डरमध्ये समोर दिसत होती. हा संदेश खरा असतो, पण तो वेगळ्याच फाइलविषयी असतो. प्रोग्रॅमच्या फाइलची माहिती दाखवणारी रीडएल्फ ही कमांड चालवून पाहिल्यावर कळले, की प्रोग्रॅमला एलएसबी नावाचा लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवून सुरू करणारी फाइल) हवा आहे आणि तो उबुंटूत नाही. लिब६४ फोल्डरमध्ये त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) करून ती नेहमीच्या लोडरकडे वळवल्यावर प्रोग्रॅम सुरू झाला. त्यानंतर व्हेंडर डीमन, म्हणजे एलएमजीआरडीने सुरू केलेला आणि प्रत्यक्ष परवाने देणारा सिम्युलेटर कंपनीचा प्रोग्रॅम, लगेच बंद पडू लागला. सर्व्हरच्या लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेले होते : त्याला यूएसआर फोल्डरमधील टीएमपीत स्वतःचा फोल्डर करायचा होता आणि ती जागाच उबुंटूत नव्हती. सेंटओएसमध्ये तिथे व्हारमधील टीएमपीकडे नेणारी सिमलिंक असते. तशीच येथेही केली.

खरा वेळ गेला तो यानंतर. सर्व्हरवर बसून सिम्युलेटर उघडला की परवाना मिळत होता, पण प्रयोगशाळेतील संगणकांवर उणे १५ ही त्रुटी येत होती, म्हणजे सर्व्हरशी संपर्कच होत नव्हता. फायरवॉलमध्ये एलएमजीआरडीचा २७००० हा पोर्ट (नेटवर्कवरून प्रोग्रॅमशी जोडणीचा क्रमांक) उघडा होता आणि बाहेरून तपासला तेव्हा उत्तरही देत होता. अशा वेळी सिम्युलेटरच्या संदेशावर विसंबू नये, सर्व्हरचा लॉग वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. संगणक आधी एलएमजीआरडीकडे येतो, तो त्याला व्हेंडर डीमनचा पोर्ट सांगतो आणि परवान्याची मागणी त्या दुसऱ्या पोर्टवर जाते. हा दुसरा पोर्ट लायसन्स फाइलमध्ये ठरवून दिला नाही, तर दर वेळी वेगळा निवडला जातो आणि फायरवॉल तो अडवते. त्या फाइलमधील व्हेंडर या ओळीच्या शेवटी पोर्ट २७००१ असे लिहून तोही फायरवॉलमध्ये उघडला. फाइलमधील होस्ट आयडी (येथे मॅक ॲड्रेस) बदलला तर परवाना अवैध ठरतो, पण पोर्ट बदलायला काहीच हरकत नसते. त्यानंतर सर्व संगणकांना परवाना मिळू लागला.

काही विद्यार्थ्यांकडे सिम्युलेटर उशिरा उघडत होता, कारण परवाना कुठे शोधायचा हे सांगणाऱ्या त्यांच्या संगणकांवरील एलएम लायसन्स फाइल या व्हेरिएबलमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता पहिला होता. तो काढून टाकला.

पोर्ट ठरावीक केल्याने एक नवी गोष्ट सांभाळावी लागते. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला, तर जुनी जोडणी मिटलेली नसते आणि पोर्ट उघडता येत नाही, अशी नोंद लॉगमध्ये येते. लिनक्समध्ये ती जोडणी सुटायला ६० सेकंद लागतात, म्हणून सर्व्हर आपोआप सुरू ठेवणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये पुन्हा सुरू होण्यापूर्वी ९० सेकंद थांबण्याची सूचना घातली आहे. ही सर्व्हिस रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरच्या, नावाने न चालवता तिच्यासाठी साधा वेगळा युजर केला आहे.