पिन बरोबर, रस्ता गायब: नकाशात आमचं फाटक सापडेपर्यंतचे तीन महिने

"मॅडम, मी पोचलोय, पण इथे नुसती भिंत आहे."

नव्या घरात राहायला आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की नंतर नंतर फोन उचलल्या उचलल्या मीच विचारायचे, "भिंत दिसतेय ना? मग मागे वळा."

आमच्या इमारतीमागे एक अरुंद बोळ आहे. बोळ आणि इमारत यांच्यामध्ये माणसापेक्षा उंच भिंत, आणि फाटक बरोब्बर विरुद्ध बाजूला. पण नकाशाचं ॲप येणाऱ्या प्रत्येकाला इमानेइतबारे त्या बोळात नेऊन सोडायचं. तिथून फाटकापर्यंत यायला अर्धा किलोमीटरचा वळसा. कुरिअरवाले वैतागायचे, पाहुणे हसायचे. एका रात्री बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि टॅक्सी भिंतीपलीकडे उभी राहिली, तेव्हा मात्र ठरवलं की हे दुरुस्त करायचंच.

ॲप कोणतं ते सांगत नाही. बदल सुचवायची सोय त्यात आहे आणि सापडतेही पटकन. इमारतीचं नाव चुकीचं होतं, ते दोन दिवसांत बदलून आलं. त्यामुळे वाटलं, पिनही अशीच सरकेल.

पहिली चूक माझीच. मागच्या खोलीत पलंगावर बसून 'सध्याचं लोकेशन वापरा' दाबलं. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ते शोभेचं नसतं. तुम्ही त्या वर्तुळात कुठेतरी आहात, एवढंच फोनला सांगायचं असतं. घरात उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, मग फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. माझं वर्तुळ अर्ध्या बोळावर पसरलं होतं. ती सूचना चार दिवसांत मंजूर झाली आणि पिन भिंतीच्या आणखी जवळ गेली!

दुसऱ्या वेळी फाटकाबाहेर, मोकळ्या आभाळाखाली उभी राहिले. (तुम्हीही हेच करा. आणि त्याआधी सेटिंगमध्ये ॲपला 'अचूक लोकेशन'ची परवानगी आहे का ते बघा. माझी 'अंदाजे'वर होती, हे मला फार उशिरा कळलं.) ठिपका अगदी फाटकावर आला. पिन तिथे ठेवली, सूचना पाठवली. 'तपासणी सुरू आहे.' दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ही माहिती पडताळता आली नाही. कारण नाही, खुलासा नाही, फोन करायला नंबर नाही. समोर माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

पुन्हा पाठवली, या वेळी फाटकाचा फोटो जोडून. पुन्हा 'तपासणी सुरू आहे.' मग बाबांच्या आणि भावाच्या फोनवरूनही तीच सूचना पाठवली. तिन्ही नामंजूर. बाबा म्हणाले, "एवढ्या वेळात तू प्रत्येकाला तोंडी रस्ता सांगितला असतास तर गावजेवण घालता आलं असतं."

राग येतो तो कशाचा? उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावर फिरतात, त्यातल्या किमान चारांचे संदेश जुळवून फोन आपली जागा काढतो, आणि मोकळ्यावर साधारण पाच मीटरच्या आत नेम लागतो. हे सगळं जमतं, आणि आमचं फाटक जमत नाही. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवत असे. आमच्या इमारतीपुरतं ते अजून चालू असावं, असं मला वाटायला लागलं होतं.

शेवटी एका रात्री चिडून नकाशाचा उपग्रह-फोटोचा थर लावला. आमची इमारतच नाही! रिकामा भूखंड आणि दोन झाडं. फोटो इमारत बांधण्यापूर्वीचा. तपासणारं जे कोणी असेल, माणूस किंवा यंत्र, त्याच्या दृष्टीने मी माळरानावर फाटक असल्याचा दावा करत होते, असा माझा अंदाज. आणि मग खरी गोम दिसली. पुढची गल्ली, जिथून आम्ही रोज ये-जा करतो, ती नकाशात आखलेलीच नव्हती. ॲप गाडीला पिनपर्यंत नेत नाही, पिनच्या सगळ्यांत जवळ जो आखलेला रस्ता असेल तिथवर नेतं. आमच्यासाठी असा रस्ता एकच, तो बोळ. म्हणजे पिन मी कुठेही सरकवली असती तरी टॅक्सी भिंतीपाशीच थांबली असती. दोन महिने मी चुकीच्या गोष्टीसाठी भांडत होते.

मग 'रस्ता नकाशात नाही' ही वेगळी सूचना. बोटाने गल्ली आखली, ती मोठ्या रस्त्याला जिथे मिळते त्या टोकाचा आणि फाटकाचा असे दोन फोटो जोडले. एकोणीस दिवस. मंजूर! पण नकाशात गल्ली दिसायला लागली तरी रस्ता दाखवताना ॲप तिला आणखी आठवडाभर ओळखत नव्हतं. तेव्हा तुमचीही गल्ली उमटली की लगेच पेढे वाटू नका.

वाट बघताना हात शिवशिवत होते म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं. २००४ पासून लोकांनीच मिळून बनवलेला हा नकाशा. तिथे गल्ली आखली आणि काही मिनिटांत ती दिसू लागली, कोणाच्या मंजुरीची वाट न बघता. माझ्या ॲपला त्याचा काही उपयोग नव्हता, पण जिवाला बरं वाटलं.

हो, एक राहिलंच. दुरुस्ती होईपर्यंत लोकांना घराची पिन पाठवू नका. गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे फुटते त्या कोपऱ्याची पाठवा आणि पुढचं तोंडी सांगा. अक्षांश-रेखांश पाठवत असाल तर दशांशचिन्हानंतरचे किमान पाच आकडे ठेवा, पाचवा आकडा साधारण मीटरभराचा असतो. मी तीनच पाठवले होते, एक पाहुणे पलीकडच्या इमारतीत जाऊन बसले.

एवढं होऊनही ॲप काढून टाकलेलं नाही. अनोळखी ठिकाणी रात्री एकटीने गाडी चालवायची तर त्याच्याइतका आधार दुसरा नाही, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही चालतो. वाहतूक कोंडीच्या लाल रेघेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ती रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून काढतात. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन घालून मोकळ्या रस्त्यावर खोटी कोंडी दाखवली होती.

परवा कुरिअरवाला फोन न करता थेट दारात आला. मी सवयीने मागच्या खिडकीतून बोळात बघत उभी होते. बेल वाजली तशी बाबा म्हणाले, "फोन न करता आला? मग पार्सल दुसऱ्या कोणाचं असेल."