सुकती गाठायची तर रात्री लवकर झोपा

गणपती आटोपले, दिवाळीचा फराळ संपला की आमच्या मंडळात एकच विषय निघायचा, यंदा किल्ला कुठला. गिरगावातल्या चाळीचं मंडळ आमचं, उत्सव दणक्यात व्हायचाच, पण मला विचाराल तर मंडळाचं खरं स्नेहसंमेलन म्हणजे पौष-माघातली ती दोन दिवसांची सहल. आणि सहल म्हणजे जलदुर्ग, दुसरं काही नाही. सगळं कोकण किनाऱ्यावरचं. हर्णैला गेलो, मुरुडला गेलो, एकदा तर रात्रभर एसटीत बसून मालवण, पण दर दोन-तीन वर्षांनी गाडी फिरून अलिबागला यायचीच, कारण तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, चालत जाता येतं.

तारीख ठरवायचे आमचे पंचांगवाले काका. चाळीत तळमजल्यावर राहायचे, मूळचे थळकडचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला आणि आणखी चार पोरांना जिन्यावर बसवून हिशोब शिकवला होता, तो आजतागायत पाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. तीनला भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी नऊला सुकती. सुकतीच्या दीड-दोन तास अलीकडे आणि दीड-दोन तास पलीकडे, एवढाच आपला वेळ, त्यात जायचं, बघायचं आणि परत यायचं. अष्टमीच्या आसपास मात्र जायचं नाही, तेव्हा भांग असतो, पाणी हवं तेवढं मागे हटतच नाही. म्हणून काका पौर्णिमा ते संकष्टी या दिवसांतला रविवार शोधायचे, आणि संकष्टीलाच रविवार आला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, कारण किल्ल्यात सिद्धिविनायक आहे ना.

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच. सतरंज्या, पातेली, ढोलकी, आज्यांच्या पिशव्या, सगळं लाँचमध्ये चढवेपर्यंत मोठ्यांचा घामटा निघायचा आणि आम्ही पोरं आधीच कडेच्या जागा धरून बसलेलो. रेवसला उतरून एसटी, आणि मुक्काम अलिबागजवळ चाळीतल्याच एका काकूंच्या माहेरच्या वाडीत. नारळी-पोफळी, मधे विहीर, मागे मोकळं शेत. त्या शेतात रात्री पोपटी लागायची.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांना कसं सांगू. मडक्यात आधी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा वर पाला, पाण्याचा एक थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवायचं. शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं. अर्ध्या-पाऊण तासाने त्या माहेरच्या आजी पाण्याचा हात मडक्यावर शिंपडायच्या, चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की म्हणायच्या, "झाली गो, काढा." पाला बाजूला केला की जो वास यायचा तो मला मुंबईत कुठेही, कधीही आलेला नाही. गरम शेंगा या हातातून त्या हातात उडवत खायच्या, आणि शेकोटीभोवती गाणी. चाळीत वर्षभर नळावरून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन वहिन्या तिथे एकाच पानातल्या शेंगा सोलताना मी पाहिल्यात. काका मात्र साडेनऊला उठवायचेच, "सुकती गाठायची तर झोपा आता."

सकाळी चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून चालायला लागायचं. पायाखाली वाळूच्या वळ्या, मधेच खडक, मधेच घोटाभर पाणी, आणि समोर तो किल्ला मोठा मोठा होत जातो. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात, १६८० मध्ये, याचं काम सुरू केलं आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी याला आरमाराचं घर केलं. तटाचे दगड बघा, प्रचंड, आणि एकमेकांवर नुसते रचलेत, मधे चुना नाही. काका आम्हाला फटीत हात घालायला लावायचे, म्हणायचे लाट आली की पाणी या फटींतून आत शिरतं, जोर जिरतो, भिंतीला धक्का कमी बसतो. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं, तिथे सगळे मिळून अथर्वशीर्ष म्हणायचो, आणि मग आम्ही पोरं सुटायचो ते थेट उत्तरेच्या तटावर, तोफांकडे. चाकाच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि १८४९ साल. मी त्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवत फिरवत 'यॉर्कशायर' वाचलं होतं, गंजाने बोट लाल झालेलं. आंग्र्यांचं राज्य तोवर संपलेलं, एवढं काकांनी हळूच सांगितलं होतं. त्याच तटावरून हवा स्वच्छ असली की उत्तरेला खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं, मायनाक भंडाऱ्यांनी इंग्रजांच्या जहाजांशी झुंजून ते बेट राखलं, ही गोष्ट काका दर वेळी सांगायचे आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचो.

एका वर्षी पंचमी होती. पावणेचारची भरती, पावणेदहाची सुकती. निघायला उशीर झाला, वर कोणीतरी देवळात भजन सुरू केलं, ते रंगलं, आणि दरवाज्याशी आलो तेव्हा बारा वाजून गेलेले, मधलं पाणी मोठ्या माणसांच्या कमरेवर आणि ओढ दिसत होती. काकांनी एका शब्दात सगळ्यांना परत फिरवलं. बायका-पोरं, चाळीस माणसं, जवळ फक्त शिल्लक लाडू आणि पेरू. विहिरीचं पाणी काढलं, देवळाच्या पायऱ्यांवर बसलो, भेंड्या झाल्या, झोपा झाल्या, आणि संध्याकाळी सूर्य बुडताना अख्खी चाळ तटावर ओळीने गप्प उभी होती, एकही पोर रडत नव्हतं. मग काठावरच्या कोळीदादांनी होड्या आणल्या, दोन-तीन खेपांत सगळ्यांना उतरवलं, आणि पैसे घेईनात. त्या संध्याकाळबद्दल आजही बोलणं निघालं की आमच्यातला प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो, पण सांगतो भरभरून.

बाकीचे किल्लेही मनात आहेतच. मालवणला किनाऱ्यावर आधी मोरयाचा धोंडा, जिथे २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाचं भूमिपूजन झालं, मग होडीतून आत, अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी, आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा. तिथे आमच्या आजींनी पदराने डोळे पुसलेले. आणि मुरुडचा पद्मदुर्ग! जंजिरा बघायला सगळे जातात, पद्मदुर्गावर फार कमी. तिथल्या तटाचे दगड लाटांनी खाऊन वाटीसारखे खोल झालेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा, मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो. मी त्या खळग्यात अख्खी मूठ घातली होती. दगड झिजला आणि चुना राहिला, कसला चुना मळला असेल त्या लोकांनी.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि आमच्या काकांचा खांदेरी. काका असते तर पेढे वाटले असते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, चाळही पाडली, आम्ही विरार, डोंबिवली, पनवेल असे पांगलो, पण सहल बंद पडू दिली नाही कोणी. भरतीच्या वेळा आता मोबाईलवर मिळतात, तरी माझी भाची आधी तिथी विचारते आणि बोटांवर पाऊणपट करते, मग मोबाईल बघते, आणि पाच-दहा मिनिटांचा फरक निघाला तरी तिला काकांचाच आकडा बरोबर वाटतो.

यंदाचा रविवार द्वितीयेचा आलाय. दीडला भरती, साडेसातला सुकती. उजाडायच्या आत वाडीतून निघावं लागेल, तेव्हा सगळ्यांनी बॅटरी आणा, आणि पोपटीसाठी शेंगा कोण आणतंय ते आजच सांगा.