‘मायलो’ नक्की कुठला?

आज दिवसभर वैद्यकीय रिपोर्ट तपासताना सगळ्यात जास्त छळलं ते ‘मायलो’नं. उपसर्ग एक, अर्थ दोन: मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर) आणि अस्थिमज्जा (हाडातला मगज). जुन्या ग्रीकांना पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू म्हणजेही हाडातला मगजच वाटायचा, म्हणून दोघांना एकच नाव. निस्तरतोय आपण!

मायलोपथी, मायलोग्राम, पोलिओमायलायटिस हे मज्जारज्जूचे. मायलोमा, मायलोसाइट, मायलोसप्रेशन हे अस्थिमज्जेचे. ऑस्टिओमायलायटिसमध्ये ‘मायलायटिस’ दिसलं म्हणून मज्जारज्जूकडे धावू नका. तो हाडाचा आणि आतल्या मज्जेचा संसर्ग. आधी आलेला ‘ऑस्टिओ’ सगळा अर्थ फिरवतो.

म्हणून नुसत्या उपसर्गावर विसंबायचंच नाही. शब्द शेवटाकडून वाचा, मग आजूबाजूचं बघा. मणक्याचा एमआरआय, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असेल तर मज्जारज्जू. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), घटलेल्या प्लेटलेट्स, केमोथेरपी असेल तर अस्थिमज्जा.

‘केराटो’चंही तेच: केराटायटिस डोळ्यातल्या कॉर्नियाचा दाह, केराटोसिस त्वचेवरचा जाड, खरखरीत थर. ‘पेड’ही तसाच: ‘पेडल इडिमा’ पावलांवरची सूज, ‘पीडियाट्रिक’ लहान मुलांचं. हे सहसा चुकत नाही.

खरा दगाबाज ‘सॅल्पिंगो’. सॅल्पिंजायटिस बहुतेकदा गर्भनलिकेचा दाह, पण कानाच्या केसमध्ये तोच शब्द युस्टेशियन नलिकेसाठी (मध्यकर्ण आणि घसा जोडणारी नळी) येतो. तिथे कागदाच्या डोक्यावर ईएनटी (कान-नाक-घसा) आहे की गायनॅक (स्त्रीरोग), हे बघितल्याशिवाय पेन टेकवू नये.